डॉ. वॉर्ड यांची बाटली

पिंपळगाव बसवंतच्या परिसरात रोप म्हणजे काय, हे कोणाला शिकवावे लागत नाही. द्राक्षाची काडी, टोमॅटोचे रोप, कांद्याचे रोप यांवर इथली अर्धी वर्षे जातात. रोपवाटिकेत प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरतात, एकेका खणात टोमॅटोचे एकेक बी टाकतात, ट्रे एकमेकांवर रचतात आणि वरून काळा कागद घट्ट झाकतात. दोन-तीन दिवसांत आतल्या उबेने आणि ओलाव्याने बी फुटते. मग कागद काढून ट्रे उजेडात मांडतात. हे इतके रोजचे आहे की त्यामागे काही शास्त्र आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही.

पण याच गावात कोणी हौसेने पिओनीचे बी मागवले आणि खिडकीतल्या कुंडीत पेरले, तर महिना जातो, दोन महिने जातात, कुंडीत काहीच दिसत नाही. बी खराब निघाले, असे म्हणून कुंडी रिकामी होते. बहुतेक वेळा बी खराब नसते. पिओनी ही चीन, युरोप आणि हिमालयाच्या थंड भागांतली वनस्पती. तिचे मोठे, गुलाबासारखे भरगच्च फूल जगभर आवडते, पण तिच्या बियांना आधी ऊब लागते आणि नंतर दीर्घ थंडी. हे दोन्ही ऋतू मिळाले नाहीत, तर ते बी मातीत नुसते पडून राहते. ज्या गावात असे ऋतू नाहीत, तिथे ते घरात तयार करावे लागतात. एका बंद भांड्यात वेगळे हवामान राखता येते, हे जगाला ज्याने पटवून दिले, तो माणूस शेतकरी नव्हता, माळी नव्हता. तो लंडनच्या गोदी भागात रुग्ण तपासणारा डॉक्टर होता. त्यांचे नाव नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड.

धुरातला दवाखाना

वॉर्ड यांचा जन्म १७९१ चा, लंडनचा. वडीलही डॉक्टर होते. मुलाला मात्र समुद्राचे वेड होते. तेरा वर्षांचा असताना त्याला जहाजातून जमैकाला पाठवण्यात आले. तो प्रवास झाल्यावर खलाशी होण्याची हौस फिटली, पण दुसरेच वेड लागले. जमैकातले ताड, नेचे, वेली पाहून आलेल्या या मुलाच्या मनातून झाडे कधी गेली नाहीत. परत आल्यावर त्यांनी वैद्यकाचे शिक्षण लंडन हॉस्पिटलमध्ये घेतले. त्या काळी औषधे बहुतांशी वनस्पतींपासूनच होत, त्यामुळे डॉक्टर होणाऱ्याला वनस्पती ओळखाव्या लागत. चेल्सी येथे औषधविक्रेत्यांच्या संस्थेची औषधी वनस्पतींची बाग होती. तिथले शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन रानावनांत जात. वॉर्ड त्या फेऱ्यांना आवर्जून जात. अभ्यास आणि आवड तिथे एकत्र झाली.

पुढे त्यांनी वडिलांचाच दवाखाना चालवला. तो वेलक्लोज स्क्वेअरमध्ये, पूर्व लंडनमध्ये, गोदीपासून जवळ होता. रुग्ण म्हणजे खलाशी, हमाल, कारखान्यातले कामगार आणि त्यांची कुटुंबे. घरोघरी आणि कारखान्यांत दगडी कोळसा जळत असे. काजळी कपड्यांवर, खिडक्यांवर आणि फुप्फुसांत साचे. १८३२ मध्ये याच शहरात पटकीची साथ पसरली. रोग जंतूंमुळे होतात, हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. दूषित हवेमुळे रोग होतात, अशी बहुतेक डॉक्टरांची समजूत होती. त्यामुळे स्वच्छ हवा हा वॉर्ड यांच्यासाठी बागेचा आणि दवाखान्याचा, दोन्हीकडचा प्रश्न होता.

त्यांनी घरामागच्या छोट्या अंगणात दगड रचले, त्यांवर पाणी झिरपेल अशी सोय केली आणि त्यात नेचे व शेवाळ लावले. लहानपणी पाहिलेल्या हिरवाईचा एक तुकडा आपल्याही दारात असावा, एवढीच इच्छा होती. पण लंडनच्या धुरापुढे नेचे टिकले नाहीत. पुन्हा लावले, पुन्हा सुकले. शेवटी त्यांनी तो नाद जवळजवळ सोडला.

कोश बाजूला, रोप पुढे

वॉर्ड यांना कीटकांचेही वेड होते. १८२९ मध्ये त्यांनी एका मोठ्या पतंगाचा कोश ओलसर मातीत पुरला आणि ती माती रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत ठेवून वर झाकण लावले. कोशातून पतंग कधी बाहेर येतो, हे त्यांना पाहायचे होते. रोज बाटलीकडे लक्ष असायचे. दुपारच्या उन्हाने मातीतला ओलावा वाफ होऊन काचेच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपात जमत होता आणि संध्याकाळी थंड झाल्यावर तेच थेंब ओघळून पुन्हा मातीत जात होते. माती जशीच्या तशी ओली राहत होती.

पतंग बाहेर पडायच्या आधीच त्या मातीतून दोन हिरवी टोके वर आली. एक होता नेचा, एक होते साधे गवत. अंगणात ज्या नेच्याला जगवता जगवता ते थकले होते, तो इथे कोणी न लावता उगवला होता. नेच्याचे बीजाणू आणि गवताचे बी मातीतच होते. त्यांना हवी होती ती ओल, ऊब आणि उजेड बाटलीत होती आणि काजळी मात्र बाहेर होती.

एखाद्याने गंमत म्हणून हे सोडून दिले असते. वॉर्ड यांनी ती बाटली उत्तरेकडच्या खिडकीबाहेर ठेवली आणि पाहत राहिले. जवळजवळ चार वर्षे पाण्याचा एक थेंबही न घालता दोन्ही रोपे जगली. पुढे ते घरी नसताना झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे मेली. रोपे मेली तेही एका अर्थाने उपयोगाचेच झाले. बाटलीने रोपे जगवली होती आणि बाटली बिघडल्यावर ती गेली. कारण आणि परिणाम दोन्ही समोर होते.

यामागची क्रिया आज शाळेतल्या मुलालाही सांगता येते. पाने दिवसा बाष्प सोडतात, ते काचेवर थंड होऊन पुन्हा पाणी होते. दिवसा झाड कर्बवायू घेऊन प्राणवायू सोडते. रात्री झाड आणि मातीतले सूक्ष्मजीव श्वसन करून पुन्हा कर्बवायू तयार करतात. उजेड बाहेरून येत राहिला की हे चक्र फिरत राहते. वॉर्ड यांची पेटी पूर्ण हवाबंद नव्हती, फटींतून थोडी हवा ये-जा करत असे आणि हे ते स्वतः सांगत. त्यांचा मुद्दा हवा कोंडण्याचा नव्हता. ओलावा आत राखायचा, धूर आणि खारे वारे बाहेर ठेवायचे, एवढाच होता.

सिडनीपर्यंत आणि परत

त्या काळी दूरदेशीचे झाड जिवंत आणणे जवळपास अशक्य होते. मकाव येथे राहणारे एक शल्यचिकित्सक जॉन लिव्हिंगस्टन यांनी १८१९ मध्ये हिशेब मांडला होता की चीनहून इंग्लंडला निघालेल्या हजार झाडांपैकी एखादेच जगते. जहाजावर गोडे पाणी मोजून मिळे, ते झाडांना कोण घालणार? समुद्राचे खारे तुषार पानांवर पडत. तळघरात ठेवावे तर उजेड नाही. विषुववृत्तावर भाजून काढणारे ऊन आणि दक्षिणेच्या टोकाला बर्फ.

बी पाठवणे सोपे वाटते, पण सगळ्या बियांचे आयुष्य सारखे नसते. गहू-ज्वारीचे बी कोरडे ठेवले तर वर्षे टिकते. चहा किंवा रबराचे बी सुकले की मरते. अशा झाडांसाठी दुसरा मार्गच नव्हता.

हॅकनी येथील नामांकित रोपवाटिकेचे मालक जॉर्ज लॉडिजेस यांची मदत घेऊन वॉर्ड यांनी लाकडी तळ आणि काचेचे उतरते छप्पर असलेल्या पेट्या करून घेतल्या. १८३३ च्या जूनमध्ये नेचे आणि गवत भरलेल्या दोन पेट्या कॅप्टन चार्ल्स मॅलार्ड यांच्या जहाजावरून सिडनीला निघाल्या. पेट्या उघड्या डेकवर, उजेडात राहिल्या. महिन्यांच्या प्रवासानंतर सिडनीत झाकणे उघडली तेव्हा रोपे टवटवीत होती.

खरी परीक्षा परतीची होती. १८३४ मध्ये त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियाची रोपे भरली गेली. त्यात एक नाजूक नेचा होता, जो त्याआधी इंग्लंडपर्यंत कधी जिवंत पोहोचला नव्हता. जहाज सिडनीच्या उन्हाळ्यातून निघाले, केप हॉर्नजवळ बर्फातून गेले, विषुववृत्त ओलांडले आणि आठएक महिन्यांनी लंडनला आले. वॉर्ड आणि लॉडिजेस पेट्या पाहायला बंदरावर गेले. नेचा हिरवागार होता. एवढेच नव्हे, तर मातीबरोबर नकळत आलेले एका ऑस्ट्रेलियन झाडाचे बी वाटेत, भर समुद्रात, पेटीतच रुजले होते आणि त्याची रोपे वर आली होती.

१८३८ मध्ये मायकेल फॅरडे यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वॉर्ड यांच्या पेट्यांवर व्याख्यान दिले. १८४२ मध्ये वॉर्ड यांनी बंद काचपेट्यांतल्या वनस्पतींवर छोटे पुस्तक लिहिले. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांनी एक बाटली ठेवली. तिच्यातल्या रोपांना अठरा वर्षे पाणी घातलेले नव्हते. पुढच्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. या सगळ्यात त्यांनी पेटंट घेतले नाही. आपली रीत सगळ्यांना सांगितली, घर पाहायला येणाऱ्यांसाठी उघडे ठेवले आणि दवाखाना चालवत राहिले.

काचपेटीतून आलेले औषध

पुढच्या पन्नास वर्षांत या पेटीने जे केले, त्याचा भारताशी आणि आरोग्याशी थेट संबंध आहे.

रॉबर्ट फॉर्च्यून हे वनस्पती गोळा करणारे स्कॉटिश गृहस्थ १८४३ मध्ये वॉर्डच्या पेट्या घेऊन चीनला गेले. त्यांनी तिथून इंग्लंडला पाठवलेल्या झाडांत झुडुपी पिओनीच्या अनेक जाती होत्या. १८४८ ते १८५१ या काळात ते पुन्हा गेले, या वेळी ईस्ट इंडिया कंपनीसाठी चहा आणायला. चहाचे बी सुटे पाठवले की वाटेत मरायचे. म्हणून त्यांनी ते बंद काचपेटीतल्या ओल्या मातीतच पेरले. कोलकात्याला पेट्या उघडल्या तेव्हा बी रुजून कोंब आलेले होते. या रीतीने हिमालयाच्या पायथ्याशी १२ हजारांहून अधिक रोपे पोहोचली. ज्या बियांचा जीव थोडा, त्यांना प्रवासातच उगवू द्यायचे, ही युक्ती बाटलीतल्या त्या गवताचीच होती.

त्यानंतर आली सिंकोना. हिवतापावर तेव्हा एकच खात्रीचे औषध होते, सिंकोनाच्या सालीतून मिळणारे क्विनीन, आणि ते झाड दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात होते. क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी पेरूमधून काचपेट्यांत भरलेली रोपे १८६० मध्ये मुंबईमार्गे निलगिरीत नेली. तांबड्या समुद्रातल्या उष्म्याने ती इतकी करपली होती की जवळजवळ सगळी मेली. पेटी ओलावा राखते, पण उन्हात ती तापतेही, ही तिची मर्यादा इथे जिवावर बेतली. दुसऱ्या एका तुकडीने इक्वेडोरमधून लाल सालीच्या सिंकोनाची चारशेंहून अधिक रोपे काचपेट्यांतून १८६१ मध्ये उटकमंडला सुखरूप पोहोचवली. त्यांच्यापासून आणि पाठोपाठ आलेल्या बियांपासून निलगिरीतल्या बागा उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातही महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथे सिंकोनाची लागवड करून पाहिली गेली, पण तिथला धो-धो पाऊस आणि त्यानंतरचे कोरडे महिने तिला मानवले नाहीत.

निलगिरी आणि दार्जिलिंगच्या सालीपासून स्वस्त औषध होऊ लागले. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कार्यालयात क्विनीनची पुडी एका पैशाला मिळू लागली. ती सगळ्यांपर्यंत पोहोचली असे नाही. हिवतापाने लाखो माणसे मरतच राहिली. पण जे औषध आधी श्रीमंतांपुरते होते, ते खेड्यातल्या माणसाच्या आवाक्यात येण्याची सुरुवात झाली ती अशी.

१८७६ मध्ये ब्राझीलहून आलेले रबराचे बी लंडनजवळच्या क्यू बागेत रुजवून, त्याची सुमारे १,९०० रोपे श्रीलंकेला पाठवली गेली, तीही वॉर्डच्या पेट्यांतून. आज शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे आणि नळ्या पाहताना कोणाला ती काचपेटी आठवत नाही.

या कथेला दुसरी बाजूही आहे. एका देशाची झाडे दुसऱ्या देशात नेऊन लावली, त्यात मूळ देशाला विचारले गेले नाही आणि मोबदलाही मिळाला नाही. चहा, सिंकोना, रबर यांच्या मळ्यांवर राबलेल्या मजुरांचे हाल वेगळेच. शिवाय पेटीत झाडाबरोबर माती जात होती आणि मातीबरोबर कीड, बुरशी, कृमीही जात होते. पिकांचे रोग जगभर पसरायला जी वाहतूक कारण झाली, तिच्यात या पेट्याही होत्या. पुढे देशोदेशी कायदे आले. भारतात १९१४ मध्ये विध्वंसक कीड व रोग कायदा झाला, अमेरिकेने १९१९ मध्ये मातीसह झाडे आणण्यावर कडक बंधने घातली. वॉर्डच्या पेटीचे दिवस तिथे संपत आले. परदेशातून मागवलेल्या बियांच्या पाकिटाला आज परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, तो याच अनुभवामुळे. द्राक्ष आणि टोमॅटोवर उभ्या असलेल्या तालुक्यात हा नियम पाळणे ही शेजाऱ्याच्या बागेचीही राखण आहे.

डॉक्टरांचे स्वप्न

वॉर्ड यांना झाडांइतकीच माणसांची काळजी होती. जी काजळी नेच्याला मारते, ती मुलांच्या छातीत जाते, हे त्यांना रोज दिसत होते. इंग्लंडमध्ये तेव्हा खिडक्यांवर आणि काचेवर कर होता, त्यामुळे गरिबांच्या घरात उजेड कमी आणि अंधार जास्त असे. काचेवरचा कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये रद्द झाला. कामगारांच्या खोलीतही एखादी काचपेटी असावी, उजेड यावा, असे वॉर्ड यांनी मांडले. त्याहून पुढे जाऊन त्यांनी कल्पना केली की गोवर किंवा क्षयाच्या रुग्णाला स्वच्छ, योग्य उष्णतेच्या आणि योग्य ओलाव्याच्या हवेत ठेवता आले तर?

त्यातला काही भाग चुकला. क्षय हवेतल्या ओलाव्याने बरा होत नाही, त्याला जंतूंवरची औषधे लागतात आणि ती पूर्ण मुदत घ्यावी लागतात. पण नाजूक जिवाभोवतीची हवा, ऊब आणि ओलावा नियंत्रित करून त्याला जगवता येते, हा विचार बरोबर होता. १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये डॉ. तार्निए यांनी कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्रावरून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबदार पेटी करवून घेतली. ती वॉर्ड यांच्या पेटीवरून आली नव्हती, पण तत्त्व तेच होते. आज सरकारी रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात काचेच्या पेटीत झोपलेले दीड किलोचे बाळ पाहिले की ते तत्त्व लगेच कळते.

आयुष्याच्या उत्तरार्धात वॉर्ड औषधविक्रेत्यांच्या संस्थेचे प्रमुख झाले. ज्या चेल्सी बागेत ते शिकले होते, ती टिकावी म्हणून त्यांनी खटपट केली. सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासकांच्या संस्थेच्या स्थापनेतही त्यांचा हात होता. शेवटी ते धुरापासून दूर, क्लॅपम भागात राहायला गेले. ४ जून १८६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पेटीमुळे कंपन्या गबर झाल्या होत्या. त्यांनी स्वतः मात्र त्यातून पैसा केला नाही.

पिंपळगावच्या खिडकीत

आता त्या पिओनीच्या बियांकडे. वॉर्ड यांच्या बाटलीत एक शीतकपाट जोडले, तर पिंपळगावातही ते बी उगवू शकते. बी एक-दोन दिवस पाण्यात भिजवावे. ओलसर, पण पाणी न गळणाऱ्या कोकोपीटमध्ये मिसळून पारदर्शक बरणीत बंद करावे आणि २० ते २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत, थेट ऊन टाळून ठेवावे. पावसाळ्यातली घरातली हवा याला जवळपास जुळते. दोन-तीन महिन्यांत आधी फक्त मूळ बाहेर येते. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, कारण मातीच्या वर काहीच दिसत नाही. मूळ आले, तरी कोंब झोपलेलाच असतो. त्याला जागे करायला शीतकपाटातली चार-पाच अंशांची थंडी आणखी दोन-तीन महिने लागते. जुलैत सुरुवात केली तर हा क्रम जानेवारीत पूर्ण होतो आणि निफाड तालुक्यातल्या थंडीत रोप उजेडात आणता येते.

निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पारा पाच अंशांखाली गेला की द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात. पण ही थंडी रात्रीपुरती आणि काही दिवसांपुरती असते, दुपारी ऊन चांगलेच असते. पिओनीला सलग आठवड्यांची थंडी लागते. शिवाय पुढे एप्रिल-मेचा उन्हाळा आहे. म्हणून खरे सांगायचे तर बी रुजवणे शक्य आहे, फूल पाहणे फार कठीण आहे. थंड देशांतही बियांपासून पहिले फूल यायला चार-पाच वर्षे लागतात. ज्याला उगवण्याची गंमत पाहायची आहे, त्याने करून पाहावे. शीतकपाटातली बरणी खाण्याच्या वस्तूंपासून वेगळी, नाव लिहून आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

पिओनीचे नावच मुळी ग्रीक पुराणातल्या देवांच्या वैद्यावरून पडले आहे. तिचे मूळ युरोपात शतकानुशतके फेफऱ्यावर वापरले गेले. हिमालयातल्या पिओनीचे मूळ युनानी वैद्यकात ऊद-सलीब या नावाने त्याच कामासाठी ओळखले जाते. हा इतिहास रंजक आहे, पण फेफऱ्याच्या रुग्णाने मुळाच्या भरवशावर चालू गोळ्या थांबवणे जिवावर बेतू शकते. गोळ्या अचानक बंद केल्यावर थांबत नसलेला झटका घेऊन रुग्ण येतो, तेव्हा हातात मिनिटेच असतात.

घरातल्या झाडांबद्दल आणखी दोन गोष्टी. चार कुंड्यांनी खोलीतली हवा शुद्ध होते, ही समजूत वॉर्ड यांच्या काळापासून चालत आली आहे. झाडे मनाला बरे वाटायला चांगली, पण चुलीचा धूर, उदबत्ती आणि बिडी-सिगारेट यांवर उपाय खिडकी उघडणे आणि धूर बंद करणे हाच आहे. दमेकऱ्याच्या खोलीत ओल्या मातीच्या कुंड्यांची गर्दी नको, तिथे बुरशी वाढते.

दुसरी गोष्ट डेंगीची. कुंडीखालची बशी, मनी प्लांटची पाण्याची बाटली, यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, भांडे आतून घासून पुसावे, कारण अंडी काठाला चिकटून राहतात. झाकण घट्ट असलेल्या वॉर्डच्या बरणीत मात्र डासाला शिरायला जागाच नसते. आतले पाणी वाफ होते, काचेवर थेंब होतात आणि ते पुन्हा मातीत जातात.